तिसऱ्या हाकेला उठणारा वैद्य

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दिवस मावळला म्हणजे खरोखरच काळोख पडायचा आणि शेजारच्या अंगणात पाऊल टाकायचं तरी माणूस आधी खाकरायचा. लहानांनी ही गोष्ट ऐकावी. मोठ्यांनी दोनदा ऐकावी, कारण यातली चूक मोठ्या माणसाची आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या टोकाला, जिथे घरं संपतात आणि करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला नाला सुरू होतो, तिथे एक वैद्य राहत असे. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. वैद्याच्या हाताला गुण होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे कोणाचं काही दुखलं-खुपलं की पाय त्याच्याच दाराकडे वळत.

आता त्या गावची एक रीत सांगतो. तुमच्या आजीनेही तुम्हाला ती सांगितली असेल. रात्री बाहेरून कोणी नाव घेऊन हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. पहिली जाऊ द्यायची, दुसरीही जाऊ द्यायची. तिसरी आली, तरच बोलायचं. कारण जे बाहेरचं असतं, ते दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा मारायला त्याला जीभ उरत नाही. जो पहिल्याच हाकेला ओ देऊन बाहेर जातो, तो सकाळी भलत्याच ठिकाणी सापडतो, म्हणतात.

या रीतीतून गावात एकच माणूस मोकळा होता, तो म्हणजे वैद्य. विद्या शिकवून घरी पाठवताना त्याच्या गुरूने त्याला बजावलं होतं, “गाव भितं ते भिऊ दे. तू पहिल्या हाकेला उठ. वैद्याच्या दारी येणाऱ्याला वेळ नसतो.” आणि खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं तो उठलाही. पावसापाण्यात, थंडीवाऱ्यात, ताटावरून, अंथरुणातून. नावं ठेवायला जागा नव्हती.

पण माणसं कशी असतात बघा. बोट दिलं की मनगट धरतात. कोणी रात्री यायचा आणि सांगायचा, “वैद्यबुवा, उचकी लागलीय.” कोणी विचारायचा, “संध्याकाळचा फणस उरलाय, आत्ता खाल्ला तर बाधेल का?” एका शहाण्याने तर त्याला झोपेतून उठवून सांगितलं, की माझा बैल झोपेत दचकतो, त्याला काहीतरी द्या. वैद्य बैलाकडे गेला, तर बैल सुखाने रवंथ करत होता.

त्या रात्री घरी येऊन वैद्य बायकोला म्हणाला, “पुरे झालं. मीही माणूसच आहे. गावाची रीत ती माझी रीत. उद्यापासून तीन हाका आल्याशिवाय हे दार उघडायचं नाही.”

बायको म्हणाली, “अहो, पण खरंच कोणाचं काही असलं तर?”

“खरंच असलं, तर मारतील की तिसरी. तोंड काही बांधलेलं नाही कोणाचं.”

गावाने काही कुरकुर केली नाही. उलट लोक म्हणाले, बरं झालं, वैद्याच्या जिवाला जपायलाच हवं. पण लवकरच लोकांनी त्यातूनही वाट काढली. दारात यायचं आणि एका दमात “वैद्यबुवा-वैद्यबुवा-वैद्यबुवा” म्हणून मोकळं व्हायचं. वैद्य काही कमी नव्हता. त्याने नियमाला शेपूट जोडलं. दोन हाकांमध्ये विडा चघळून संपेल इतकी उसंत हवी. भूत उतावळं असतं, माणसाला धीर असतो, असं कारणही त्याने सांगितलं.

खरी गोम इथेच होती. गावाला वाटलं, नियम भुतांसाठी आहे. तो होता माणसांसाठी. पहिल्या हाकेलाच वैद्याचे डोळे उघडत. मग तो अंधारात छताकडे बघत पडून राही आणि मनातल्या मनात म्हणे, नको येऊ दे तिसरी. पुष्कळदा ती येतच नसे. उचकीवाला उचकी घेऊन घरी जाई. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत वैद्य कुशीवर वळे. शेजारी बायको जागी असे. तिला सगळं कळत असे, पण ती गप्प बसे.

असे दिवस गेले. हिवाळा आला. कडाक्याची थंडी पडली, माणसं दिवेलागणीलाच दारं लावून शेकोटीपाशी बसू लागली.

अशाच एका रात्री, गाव निजल्यावर, नाल्याच्या बाजूने हाक आली.

“वैद्यबाऽ…”

बाईचा आवाज होता. ओळखीचा नव्हता. गावातलं कोणी त्याला वैद्यबा म्हणत नसे. वर पठारावर राहणारे धनगर तेवढे तसं म्हणत, पण तेही क्वचितच खाली येत. हाक मोठी नव्हती. जराशी लांबली आणि तुटली.

बायको उठून बसली. “अहो, कोणीतरी बाई आहे.”

“थांब,” वैद्य म्हणाला. “दुसरी येऊ दे.”

दोघं कान देऊन बसले. बाहेर वारा नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं. विडा चघळून संपला असता, आणखी एक लावून तोही संपला असता, पण दुसरी हाक काही आली नाही.

“बघितलंस?” वैद्य म्हणाला. “एकच. आणि तीही नाल्यातून. या वेळी नाल्यात कोण बाई येणार आहे? बाहेरचंच ते. झोप.”

तो झोपला. बायकोला झोप लागली नाही. सकाळी वैद्याने ओट्यावर उभं राहून नाल्याकडे एक नजर टाकली. करवंदीच्या जाळ्या, दगड, वर धुकं. ओट्यावरून आणखी काय दिसणार? तो दात घासायला मागे वळला.

दुसऱ्या रात्री पुन्हा हाक आली.

“वैद्यबाऽ…”

आवाज तोच. पण आता तो नाल्यातून येत नव्हता, अंगणातून येत होता. आणि आवाजात काहीतरी फरक पडला होता. आदल्या रात्री त्यात धाप होती. आज धाप नव्हती. बोलणाऱ्याने श्वासच घेतला नसावा, इतका तो सपाट होता.

वैद्याच्या अंगावर काटा आला. त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. बायकोने त्याचा हात धरला. गोठ्यात गाय एकदा जोरात फुरफुरली आणि दावं ताणून भिंतीला टेकून उभी राहिली. त्या रात्रीही दुसरी हाक आली नाही.

सकाळी अंगणात पाहिलं, तर मातीत पाऊल नव्हतं. वैद्याला बरंच वाटलं. “आता तरी पटलं ना?” तो बायकोला म्हणाला. “माणूस असतं, तर पावलं उमटली नसती का? मी आधीच म्हणत होतो.” गावातही त्याने ही गोष्ट सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. कोणी दाराला लिंबू-मिरची बांध म्हणाला, कोणी उंबऱ्यावर राख टाक म्हणाला. वैद्याने दोन्ही केलं. नाल्याकडे मात्र कोणी गेलं नाही. हाक तिकडून आली म्हटल्यावर कोण जाणार?

तिसऱ्या रात्री दोघं दिवा न विझवता बसून राहिले. बराच वेळ काही झालं नाही. वैद्याला पेंग आली. आणि मग दाराच्या फटीतून, अगदी कडीपाशी, कोणीतरी ओठ लावून बोलल्यासारखी हाक आली.

“वैद्यबाऽ…”

दिव्याची ज्योत हलली नाही. वैद्य भिंतीला चिकटला. त्याचे दात वाजत होते. “एकच आहे,” तो पुटपुटला, “एकच आहे. ओ देऊ नकोस.”

बायको मात्र उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज कापत नव्हता. ती म्हणाली, “एक नाही हो. परवा एक, काल एक, आज एक. तिसरी हाक आहे ही. तुमचाच नियम आहे, उठा.”

“अगं वेडी आहेस का तू? ते माणूस नाही.”

“नसेल. पण भुताला वैद्य कशाला लागतो, सांगा बघू? ते काही तुमचं नाव घेत नाही. तुमच्या कामाचं नाव घेऊन हाक मारतंय. कोणीतरी कुठेतरी आजारी आहे.” तिने खुंटीवरचा औषधांचा बटवा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. “तुम्ही जात नसाल, तर मी जाते. मला सुंठ आणि ओवा यापलीकडे काही कळत नाही, पण जाते.”

आणि तिने कडी काढली.

अंगणाच्या कडेला एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, तोंड दिसत नव्हतं. अंगावर धनगरी लुगडं. एका बाजूने ते कमरेखाली काळंभोर दिसत होतं आणि पायाला चिकटलं होतं. दवाने भिजलं असेल, असं वैद्याला वाटलं. त्याने चूड पेटवली आणि पुढे होऊन विचारलं, “कोण आजारी आहे, बाई?”

बाई वळली आणि चालू लागली.

वैद्याला माघारी फिरावंसं वाटलं. पण एकदा बटवा खांद्याला लागला, की त्याच्या पायांना चालायची सवय होती, ते चालू लागले. पुढे ती, मागे हा. तो भरभर चालला तरी अंतर कमी होईना, हळू चालला तरी वाढेना. चुडीचा उजेड गवतावर पडे, दगडांवर पडे, तिच्यापर्यंत मात्र पोचत नसे. गवतावरचं दव त्याच्या पावलांनी झडत होतं. तिच्या वाटेवरचं तसंच्या तसं होतं.

पठारावर जायची जवळची वाट नाल्यातून होती. ती त्या वाटेने गेली नाही. नाल्याच्या कडेशी येताच बाजूला सरली आणि लांबचा वळसा घेऊन, खडकावरून चढली. जवळची सोपी वाट सोडून ही इकडून का जाते, असं वैद्याच्या मनात आलं. पण विचारायचं कोणाला?

पठारावर एकच झोपडं होतं. आत मिणमिणता उजेड दिसत होता. बाई दारापाशी थांबली आणि बाजूला झाली. वैद्य तिच्यापासून हातभर अंतरावरून आत शिरला, तेव्हा त्याला उन्हात वाळलेल्या रक्ताचा वास आला. वैद्याला तो वास ओळखू येतो. पण आत एक मूल होतं, म्हणून तो थांबला नाही.

तीनेक वर्षांचा मुलगा घोंगडीवर पडला होता. अंग तव्यासारखं तापलं होतं, डोळे खोल गेले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या. उशाशी एक म्हातारी बसली होती. तिला दिसत नव्हतं. चाचपडत, मिठाची पेज बोटाने ती त्याच्या ओठांना लावत होती.

“आलात व्हय?” पावलं ऐकून म्हातारी म्हणाली. “लई वाट बघितली. परवापास्नं बिरूच्या उशाशी हितंच बसलीया. पेज तेवढी घालती तोंडात. थोडी जाती, थोडी सांडती.”

“तुम्ही पेज घातलीत म्हणून हा अजून आहे,” वैद्य म्हणाला, आणि कामाला लागला. त्याने ओल्या फडक्याने अंग पुसलं, काढा उकळला, चमचा-चमचा करून घशाखाली उतरवला. हात कामाला लागले तशी भीती कुठल्या कुठे गेली. पहाटेच्या सुमारास पोराला घाम फुटला. त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. वैद्याला इतका आनंद झाला, की त्याचे डोळे भरून आले.

“बिरू वाचला, आजी,” तो म्हणाला.

म्हातारीने हवेत हात जोडले. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, “धुरपे, अगं आत ये की. बाहेर थंडीत काय उभी? पोरगं पाणी मागतंय.” उत्तर आलं नाही, तेव्हा तिने वैद्याला विचारलं, “माझी सून कुठं ऱ्हायली? तुमाला आणाया तीच गेलीया. ल्योक माझा मेंढरं घिऊन खाली देशाला गेलाय, घरात आमी दोघीच. परवा तिन्हीसांजंला गेली, ती अजून म्हागारी न्हाई. तुमच्याकडं बसली हुती का दोन दीस?”

वैद्य उठून दारात आला. पठारावर फटफटत होतं. दाराबाहेर कोणी नव्हतं.

तो धावत सुटला. आता त्याने वळसा घेतला नाही, नाल्याची वाट धरली. आणि ती त्याला सापडली. त्याच्याच अंगणाच्या खाली, करवंदीच्या जाळीत, ओट्यावरून दिसणार नाही अशा बेताने ती पडली होती. अंधारात उतरताना तिचा पाय घसरला होता आणि दगडाच्या धारेने मांडी उघडी पडली होती. तिने पदराची चिंधी फाडून जखमेवर बांधली होती. पण पडल्या पडल्या एका माणसाला गाठ आवळता येत नाही, त्याला दुसऱ्याचे हात लागतात. गाठ सैल राहिली होती आणि सगळं रक्त तिथून वाहून गेलं होतं. ती थंडगार होती. दोन दिवसांची.

तिथून त्याचं घर दिसत होतं. खिडकीतला दिवा अजून जळत होता.

वैद्य तिथेच खाली बसला. औषध लागलं नसतं. काढा, चूर्ण, विद्या, काही लागलं नसतं. कोणीतरी येऊन जखमेवर तळहात दाबून धरला असता आणि गाठ आवळली असती, तरी बाई वाचली असती. परवाची हाक भुताची नव्हती. ती जिवंत बाईची होती. तिच्यात एकाच हाकेपुरता दम होता, तो तिने त्याच्यासाठी खर्च केला होता. पुढच्या दोन हाका मात्र मेल्यावर मारल्या होत्या, त्याचा नियम पुरा करायला.

गावाने तिला अग्नी दिला. लोकांनी वैद्याची समजूत घातली. “तुमचा काय दोष? तुम्हाला काय ठाऊक?” असं जो तो म्हणाला. पाटील म्हणाला, “रीतच आहे ती.” बिरूला आणि म्हातारीला वैद्याने खाली आपल्या घरी आणलं. पोरगं वैद्यिणीच्या अंगाखांद्यावर खेळू लागलं. वैद्य रात्री दार उघडं टाकून बसे. हाका येत, आणि तो पहिल्या हाकेलाच निघे, मग ती उचकीची का असेना. पण ज्या हाकेसाठी तो कान देऊन असे, ती पुन्हा आली नाही. तिचं काम झालं होतं. ती आली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. निदान तिची क्षमा मागता आली असती.

उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरं परत आली. बिरूचा बाप, मायाप्पा, वाटेतच सगळं ऐकून आला होता. बाईचं पाऊल नाल्यात घसरलं, वैद्याने पोर वाचवलं, म्हातारीला सांभाळलं, इतकंच लोकांनी त्याला सांगितलं होतं. तो अंगणात आला, डोक्याचं पागोटं काढलं आणि वैद्याच्या पायांवर ठेवू लागला.

वैद्याने पाय मागे घेतले.

मायाप्पाने वर पाहिलं. मग नाल्याकडे पाहिलं. मेंढ्या राखणारा माणूस तो, त्याला आवाज किती लांब जातो ते चांगलं ठाऊक होतं. त्याने हळूच विचारलं, “हितनं जवळच हाय की. तिनं हाक मारली न्हाई व्हय?”

बायकोने वैद्याकडे पाहिलं. नाही म्हणाला असता, तर गावातलंही कोणी खरं सांगायला पुढे आलं नसतं. ते दोन शब्दांचं काम होतं, आणि समोरचा माणूस आभार मानून निघून गेला असता.

“मारली होती,” वैद्य म्हणाला.

“तुमाला ऐकू आली न्हाई?”

“आली.”

“मग?”

“मग मी पुढची यायची वाट बघत पडून राहिलो.”

मायाप्पा उभा राहिला. त्याने शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. पागोटं परत डोक्याला गुंडाळलं, पोराला खांद्यावर घेतलं, आईचा हात धरला आणि तो पठाराकडे चालू लागला. त्या दिवसापासून पठारावरचं कोणी आजारी पडलं, तर धनगर दोन डोंगर ओलांडून दुसऱ्या वैद्याकडे जात. या वैद्याला ते वाटेत भेटले, तर रामराम करत. हाक मात्र त्यांनी त्याला कधीच मारली नाही.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: हाक माणसाची की भुताची, ते उठून दाराबाहेर जाऊन बघावं, अंथरुणात पडून ठरवू नये.